गीतकार: सूप

मी सूप बोलतोय. निपाणीतल्या सोनुबाईचं, बिडी वळायचं सूप. जोंधळे पाखडणारं सूप वेगळं, ती आमच्यातली मानाची मंडळी. माझ्यात जन्मभर तंबाखूच पडली. माझ्या उजव्या कडेची एक कांब सुटलीय, ती सोनुबाईनं बिडीच्याच दोऱ्यानं आवळून बांधलीय. त्यामुळं मला बोटांनी ठोकलं की ठोक्याच्या शेवटी बारीक भर्र असा आवाज येतो. तेवढी खूण ध्यानात ठेवा.

आता मुद्द्याचं. सध्या लग्नाच्या हळदीत एक गाणं डॉल्बीवर वाजतंय. त्या गाण्याखाली फोनवर लिहिलेलं असतं, 'गीत: सूप'. तो सूप म्हणजे मी. मी आजवर एक ओळ केलेली नाही. तरी एक कंपनी म्हणते की मी कवी आहे, आणि माझे सगळे हक्क मी तिला देऊन टाकलेत. कधी दिले, कुठं दिले, मला काही आठवत नाही. पहिल्यापासून सांगतो, तुम्हाला काही उलगडतंय का बघा.

संकेश्वरच्या एका बुरडानं मला विणलं. सोनुबाईच्या सासूनं मला बाजारात उचललं, पाठीवर चार बोटं वाजवली आणि म्हणाली, "वाजतंय बरं, ऱ्हाईल." गाडग्याची पारख करावी तशी माझी पारख झाली. दुसऱ्या दिवसापासून मी सोनुबाईच्या मांडीवर. माझ्यात तंबाखू, शेजारी ओली पानं, कात्री, दोऱ्याची रीळ. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. दारातल्या शेवग्याखाली गल्लीतल्या बाया अशा ओळीनं बसायच्या, आणि सोनुबाईच्या समोर मालुबाई.

मालुबाई म्हणजे लई वांड बाई. हात बिडीवर आणि तोंड जगावर. सोनुबाई तशी मुखदुर्बळ, पण मालू समोर असली की तिलाही वाचा फुटायची. एकीनं बोललेलं दुसरीनं पुरं करायचं, असा दोघींचा संसार.

त्या वेळी कारखान्याच्या ठेकेदाराचा माणूस वळलेल्या बिड्या न्यायला यायचा. त्याला सगळ्या छाटवाला म्हणायच्या, कारण तो छाट काढायचा. म्हणजे ही वाकडी, ही सैल, असं म्हणून बिड्या बाजूला टाकायचा. त्या बिड्या मजुरीत धरायच्या नाहीत, पण जाताना पिशवीत मात्र घालून न्यायच्या. ते गणित मला तेव्हाही सुटलं नाही. एक दिवस तो चक्क भिंग घेऊन आला. सोनुबाई मान खाली घालून, माझ्या पाठीवर ठोका धरून, नाकातल्या नाकात म्हणाली,

"छाटवाला आला, डोळ्याला लावी भिंग,
चांगल्या बिडीला म्हणतो वाकडं तुझं अंग."

आणि समोरून मालूनं तिथल्या तिथं, त्याच चालीत उत्तर दिलं,

"वाकडं माझं अंग आप्पा, वाकडी माझी मान,
दिसभर वळून वळून वाळलं हिरवं पान."

बाया आधी हसल्या आणि मग एकेकीचा हात बिडीवर थांबला. मालूची ओळ तशीच होती, हसता हसता रडवणारी. छाटवाल्यानं भिंग खाली घेतलं. "कुणी केलं हे गाणं?" सगळ्यांनी माना खाली घातल्या. जिनं केलं म्हणून सांगावं तिला दुसऱ्या दिवशी पान मिळणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा मालू उठली, सोनुबाईच्या मांडीवरून मला उचललं आणि त्याच्यापुढं धरलं. "ह्या सुपानं केलं. ह्यालाच इचारा."

त्यानं मला विचारलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्या शेवग्याखाली रीतच पडली. गाणं कुणीही करो, सांगायचं सुपाचं. 'माझं' म्हणायचं नाही. 'माझं' म्हटलं की पुढच्या वेळी 'तिचं' म्हणायची पाळी येते, आणि मग एकटी बाई उघडी पडते. सुपामागं सगळ्या झाकल्या जायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा, का खोटं बोलू.

वर्षं गेली. सोनुबाईचे डोळे अधू झाले, बिडी सुटली, मी खिळ्याला गेलो. मालूचा मुलगा प्रेमानंद शिकून बँकेत लागला, बेळगावला हिंडलग्याकडं त्यानं घर केलं. पण मालू काही गल्ली सोडून गेली नाही. "तिथं मला कोण भांडायला हाय?" म्हणायची.

मग एक दिवस परशराम आला. संकेश्वरला त्याची रेकॉर्डिंगची खोली आहे, लग्नात बँजो वाजवतो. माणूस सरळ, फक्त घाई फार. त्याला जुनी गाणी हवी होती. सोनुबाईनं मला खिळ्यावरून काढलं, पुसलं, आणि त्या दोघींनी शेवग्याखाली बसून गाणं म्हटलं. परशरामचं यंत्र समोर होतं. बाजूला सोनुबाईची नात सुनयना, निपाणीतच शाळेत शिकवते ती, फोनवर चित्रण करत होती. मालूला तेव्हा खोकला लागलेला. 'दिसभर वळून' म्हणाली आणि खोकली, आणि खोकला गिळून परत 'वळून' उचललं. मी ठोका थांबू दिला नाही. म्हणजे सोनुबाईनं दिला नाही.

परशरामनं यंत्र बंद केलं आणि विचारलं, "आक्का, हे गाणं कुणाचं?"

सोनुबाई सवयीनं म्हणाली, "सुपाचं."

"म्हणजे जुनंच की."

"व्हय, जुनंच."

मालू पदर तोंडाला लावून हसत होती. परशरामला वाटलं खोकतेय.

त्यानं पुढं काय केलं ते नंतर कळलं. गाणं हळदीत चालावं म्हणून छाटवाल्याच्या जागी नवरदेव घातला. 'नवरदेव आला, डोळ्याला लावी भिंग.' सोनुबाईचा आवाज ठेवला, माझा ठोका ठेवला, वर ढोल घातले. मालूचा आवाज काढला, खोकला आहे म्हणून. मालूच्या ओळी काढल्या, रडक्या आहेत म्हणून. आणि गाणं ज्या कंपनीला पाठवायचं होतं तिच्या अर्जात गीतकाराचा रकाना रिकामा सोडता येईना, तेव्हा त्यानं तिथं 'सूप' असं लिहिलं. असा मी कवी झालो.

त्याच वर्षीच्या थंडीत मालू गेली. त्या तंबाखूच्या धुळीनंच नेली, डॉक्टर म्हणाले. प्रेमानंदला आईचं दुःख झालंच, पण सोनुबाईचं तर अर्धं अंग गेल्यासारखं झालं. समोरची जागा रिकामी, आणि ही बोलणार कुणाशी? रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायची बंद झाली. "मालू गेली, मी बी चालले तिच्या मागं. औषिद कशाला वाया घालवता?" असं ती रोज सकाळी म्हणायची. सुनयना रडायची, रागवायची, गोळी हातात देऊन पुढ्यात उभी राहायची. सोनुबाई गोळी हातात घ्यायची आणि तिची पाठ वळली की माझ्या मागच्या खोल कडेत टाकायची. माझ्यात किती गोळ्या साठल्या होत्या ते सुनयनाला माहीत नव्हतं.

तिला जरा बरं वाटायचं ते एकाच गोष्टीनं. सुनयनानं चित्रण केलेलं ते गाणं इंटरनेटवर टाकलं होतं. फोन लावला की मालू समोर. प्रेमानंद तर दर वर्षी आईच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, वंदना झाली की, तेच गाणं लावायचा. खोकला आला की सगळे डोळे पुसायचे. तो म्हणायचा, "मावशी, मला तेवढा खोकला ऐकला की आई घरात आहे असं वाटतं."

यंदा पुण्यानुमोदन जवळ आलं आणि गाणं लागेना. काळ्या पडद्यावर लिहून आलं, हक्काच्या दाव्यामुळं हे चित्रण काढलं आहे.  ज्या फोनवर चित्रण केलं तो जुना फोन सुनयनानं नवा घेताना दुकानात देऊन टाकला होता. परशरामला फोन केला, तर त्यानं मूळ आवाज कधीच पुसून टाकलेले. मालूचा आवाज या जगात तेवढ्या एका ठिकाणी होता, आणि तिथं कुलूप लागलं.

सुनयनानं आक्षेप घेतला. लिहिलं, हे चित्रण माझं, माझ्या फोनवरचं, कंपनीचं रेकॉर्डिंग वेगळं. तिचं म्हणणं मला पटलं. पण कंपनीच्या मशीननं दोन्हीकडं तोच आवाज ओळखला होता, आणि माझी ती भर्र खूणसुद्धा दोन्हीकडं होती. म्हणजे पकडून दिलं ते मीच. मला फार वाईट वाटलं. वर कंपनीचं उत्तर आलं, की रेकॉर्डिंगचं सोडा, गाणंच आमचं आहे. गीतकार सूप यांचे सर्व हक्क आमच्याकडं आहेत.

मग घरात जो गोंधळ झाला तो विचारू नका. परशराम धावत आला, चेहरा पडलेला. तो म्हणाला, "आक्का, गाणं जुनं हाय म्हणालासा, जुनं म्हंजे समद्यांचं. कुणाचाच हक्क न्हाय." सुनयना म्हणाली, "मग तुमच्या कंपनीचा तरी कसा?"  सुनयनाच्या शाळेतली बाळाबाई म्हणून एक शिक्षिका आली होती, ती म्हणाली, "थोडे सेकंद वापरलं तर चालतं म्हणे, त्याला उचित वापर म्हणतात. मालुबाईंचा खोकला तेवढा ठेवा की." सोनुबाई तिच्याकडं बघतच राहिली. प्रेमानंद फोनवरून म्हणाला, धार्मिक कार्यक्रमात वाजवायला मुभा असते असं त्यानं वाचलंय. सुनयना म्हणाली, "मुभा आहे हो दादा, पण वाजवायचं काय? गाणंच नाही."

पाखडणं हा माझा जातीचा धंदा. पण त्या दिवशी एवढं बोलणं माझ्यापुढं पडलं आणि दाणा कुठला, फोल कुठलं, मला निवडता आलं नाही.

सोनुबाई एवढंच म्हणाली, "माझ्या मालूला का कोंडलंय?"

प्रेमानंदनं बेळगावात एक वकीलबाई शोधली, तेजस्वी नावाची. जायच्या दिवशी सोनुबाई लुगडं नेसून तयार झाली आणि मला खिळ्यावरून काढलं. माझ्यातल्या गोळ्या तिनं मुठीत घेऊन कनवटीला लावल्या. सुनयना म्हणाली, "आजी, सूप कशाला?"

"कागदावर नाव त्याचं हाय का माझं? बोलावणं आलं तर हजर नको व्हायला?"

बसमध्ये कंडक्टरनं आधार कार्ड बघून दोघींना बायकांचं फुकट तिकीट दिलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "लग्नाला चाललाय काय आक्का?" सोनुबाई म्हणाली, "न्हाय रं बाबा, कज्ज्याला." संकेश्वर गेलं, ऊस गेला, बेळगाव आलं. कोर्टाजवळच्या त्या खोलीत प्रेमानंद आधीच बसला होता. मला टेबलावर ठेवलं. तेजस्वीबाई तरुण होती. ती मला बघून हसली नाही, हे मला आवडलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सावकाश सांगायला लागली. एका गाण्यात तीन गोष्टी असतात. शब्द, चाल, आणि रेकॉर्डिंग. तिन्हींचे धनी वेगळे असू शकतात. परशरामनं यंत्रावर घेतलं ते रेकॉर्डिंग वेगळं, सुनयनानं फोनवर घेतलं ते वेगळं. सेकंदांचा असा काही नियम कायद्यात नाही. अभ्यासाला, टीकेला, लग्नाला, धार्मिक कार्याला सवलती आहेत, पण त्यानं गाण्याचा धनी बदलत नाही. आणि फार जुनं, कुणी केलं तेही माहीत नाही असं गाणं असेल, तर ते सगळ्यांचं.

"मंजी आमचंच," सोनुबाई म्हणाली. "सगळ्यांचं."

"तसं असेल तर तसं लिहू आजी. पण मग नवरदेववालं गाणंही तसंच चालू राहील. मालुबाईंच्या ओळी गाळल्या म्हणून कुणाला काही म्हणता येणार नाही, कारण ओळी कुणाच्याच नाहीत."

सोनुबाई माझ्या कडेचा दोरा चाचपत बसली.

"आणि कुणी केलं ते माहीत असेल," तेजस्वीबाई म्हणाली, "तर ते करणाऱ्याचं. त्याला नोंदणी लागत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लिहून, सही करून द्यावा लागतो. ह्या सूपनं सही केलीय का कुठं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझी मोठी पंचाईत झाली.

"मला खरं सांगा," ती म्हणाली. "कागदाखाली माझी सही असते, मी खोटं लिहीत नाही. हे गाणं कुणी केलं?"

पुन्हा तोच प्रश्न, छाटवाल्याचा. फक्त या वेळी मला उचलून पुढं धरायला मालू नव्हती. सोनुबाईच्या बोटांना घाम सुटला होता, माझ्या कांबेला तो लागत होता. मला वाटलं, सांग बाई, सुपानं केलं म्हणून सांग, मी आहे. आणि लगेच वाटलं, तसं सांगितलंस तर मालू गेली. मी जन्मात एवढा घोटाळ्यात पडलो नव्हतो.

"मालूनं केलं," सोनुबाई हळूच म्हणाली.

प्रेमानंदनं मान वर केली. "मावशी, आई तर म्हणायची तुम्ही केलं."

"कवा?"

"नेहमी. सोनूनं केलं म्हणायची, मी नुसतं शेपूट जोडलं."

सोनुबाईचा चेहरा असा झाला की मला बघवेना. आयुष्यभर दोघींनी जगाला सूप सांगितलं होतं आणि घरात एकमेकींचं नाव सांगितलं होतं. ती रडली. तोंडावर पदर न घेता, सगळ्यांसमोर रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "लिव्ह बाई. आदल्या दोन माझ्या. मागल्या दोन तिच्या. आमी दोघींनी केलं. सुपानं न्हाय केलं."

तेजस्वीबाईनं लिहून घेतलं. माझं कविपण तिथं संपलं. मला काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. सुटल्यासारखं वाटलं, आणि रिकामंही वाटलं.

"पण ती तर गेली," सोनुबाईनं विचारलं. "मेलेल्या माणसाचं कसं धरतील?"

"धरतात. गाणं करणारा गेल्यावरही साठ वर्षं हक्क राहतो. तिच्या जागी तिचा मुलगा. आणि दोघींनी मिळून केलेलं असेल तर ती साठ वर्षं शेवटची जाईल तेव्हापासून मोजतात. म्हणजे तुम्ही जेवढ्या जास्त जगाल तेवढं मालुबाईंचं गाणं मालुबाईंचं राहील. त्यानंतर ते सगळ्यांचं."

सोनुबाईनं ते दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती बोटांवर काहीतरी मोजत होती.  मग सुनयनाला म्हणाली, "पाणी दे गं."

सुनयनानं बाटली दिली. सोनुबाईनं कनवटीला हात घातला आणि गोळ्यांची मूठ टेबलावर, माझ्यात रिकामी केली. सुनयना बघतच राहिली. सोनुबाईनं त्यातली एक उचलली. "ह्यातली आजची कुठली? मला आता लवकर मरून भागायचं न्हाय."

तेजस्वीबाईच्या कागदानंतर, आणि परशरामनं कंपनीला खरं काय ते कळवल्यावर, चित्रण परत आलं. नवरदेवाच्या गाण्याचं भांडण अजून चाललंय, त्याचं काय होईल मला सांगता येत नाही, तेजस्वीबाईलाही येत नाही. पण पुण्यानुमोदनाला हिंडलग्याच्या घरात मालू खोकली, आणि खोकला गिळून तिनं 'वळून' उचललं. खाली लिहिलेलं सुनयनानं मोठ्यानं वाचलं. गीत सोनुबाई आणि मालुबाई यांचं. सोनुबाईनं तिला थांबवून आणखी एक ओळ घालायला लावली, ठोका सुपाचा म्हणून. तेवढा मला पुरतो.

आता मी परत खिळ्यावर आहे. माझी कांब आणखी सुटलीय, फार दिवस काढीन असं वाटत नाही. एक मागणं आहे. कुठल्या हळदीत तुम्ही या गाण्यावर नाचलात आणि ठोक्याच्या शेवटी बारीक भर्र ऐकू आली, तर कुणाला तरी विचारा, ह्याच्या पुढच्या दोन ओळी काय होत्या. विचारायला काही हक्क लागत नाही, एवढं मला कळलंय.

सोनुबाई रोज सकाळी सुनयनाच्या हातून गोळी घेते. ती आता माझ्यात टाकत नाही. घोट घेते, तोंड वाकडं करते, आणि समोरच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणते, "मालू, घेतली गं. तुझंच काम करतीया."